सजीव इतिहासाची प्रमाणता : अमेरिकन यादवी युद्धाच्या निमग्न पुनरभिनयाची चिकित्सा

१. प्रस्तावना

भूतकाळ वाचून कळतो की जगून, हा प्रश्न इतिहासाच्या तत्त्वज्ञानात जुना आहे. विद्यापीठांबाहेरील हजारो हौशी अभ्यासकांनी गेल्या सहा दशकांत त्याला आपल्यापुरते उत्तर दिले आहे. जुन्या काळाचा गणवेश चढवून, जुनी शस्त्रे हाती घेऊन, त्या काळचे अन्न खाऊन आणि उघड्यावर झोपून त्यांनी इतिहास 'सजीव' करण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेतील यादवी युद्ध (इ. स. १८६१-१८६५) हे या प्रयत्नांचे सर्वांत मोठे क्षेत्र ठरले.

या पुनरभिनयाचे दोन प्रकार ढोबळमानाने वेगळे करता येतात. पहिला प्रकार प्रेक्षकांसाठी असतो. मैदानाच्या एका बाजूस दोऱ्या बांधलेल्या असतात, ठरलेल्या वेळी तोफा धडाडतात आणि तासाभरात लढाई आटोपते. दुसऱ्या प्रकारात प्रेक्षक जवळजवळ नसतोच. तीन-चार दिवस सलग कूच करणे, पहारे देणे, मोजका शिधा खाणे आणि एकोणिसाव्या शतकातील सैनिक म्हणूनच बोलणे-वागणे, असे त्याचे स्वरूप असते. या दीर्घकालीन उपक्रमांना प्रस्तुत लेखात 'निमग्न पुनरभिनय' असे म्हटले आहे.

अशा उपक्रमाचे आयोजन हे केवळ व्यवस्थापन नसून भूतकाळाचे एक भाष्य असते. आयोजक कशाचा आग्रह धरतो, कशाला सूट देतो आणि कशाविषयी मौन पाळतो, यांतून त्याची इतिहासदृष्टी प्रकट होते. म्हणून एखाद्या नाट्यसंहितेची करावी तशी या आयोजनाची चिकित्सा करणे आवश्यक ठरते.

२. स्मरणोत्सवाकडून मोहिमेकडे

गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत झाली. मृत, जखमी, बेपत्ता व युद्धकैदी मिळून दोन्ही बाजूंची हानी सुमारे ५१ हजार इतकी होती. या लढाईच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी, १९१३ साली, दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांहून अधिक वृद्ध सैनिक त्याच भूमीवर एकत्र आले. ज्या दगडी भिंतीपाशी पिकेटचा हल्ला मोडून पडला होता, त्याच भिंतीवरून पूर्वीच्या शत्रूंनी हस्तांदोलन केले. हे दृश्य हृद्य होते, यात शंका नाही. परंतु डेव्हिड ब्लाइट यांनी 'रेस अँड रियुनियन' (२००१) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, गोऱ्या सैनिकांच्या या समेटाची किंमत गुलामगिरीच्या स्मृतीने चुकविली. युद्ध कशासाठी झाले हा प्रश्न मागे पडला आणि दोन्ही बाजू सारख्याच शूर होत्या एवढेच सार्वजनिक स्मृतीत उरले. पुढील सर्व पुनरभिनयांवर या समेटाची छाया आहे.

शताब्दीच्या वेळीही हा अंतर्विरोध लपला नाही. एप्रिल १९६१ मध्ये शताब्दी आयोगाच्या चार्ल्सटन येथील बैठकीस आलेल्या एका कृष्णवर्णीय महिला प्रतिनिधीस हॉटेलात खोली नाकारण्यात आली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना हस्तक्षेप करावा लागला व बैठक नौदलाच्या तळावर हलविण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये मनॅसस येथे पहिल्या लढाईचा भव्य पुनरभिनय झाला. त्यात दोन हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला. त्याच्या जत्रेसारख्या स्वरूपावर टीका झाली आणि पुढे राष्ट्रीय उद्यान सेवेने आपल्या अखत्यारीतील रणभूमींवर लढाईचा पुनरभिनय निषिद्ध ठरविला. बंदूक चालविण्याचे प्रात्यक्षिक तेथे करता येते. परंतु समोरासमोर दोन फळ्या उभ्या करून गोळीबार करणे, जखमी वा मृत होण्याचे सोंग घेणे, यांना तेथे परवानगी नाही.

'ग्लोरी' (१९८९) व 'गेटिसबर्ग' (१९९३) या चित्रपटांनी या छंदाला नवी उभारी दिली. या दोन्ही चित्रपटांत पुनरभिनेत्यांनी मोठ्या संख्येने काम केले होते. संख्या वाढली तसा गुणवत्तेचा वादही वाढला. यंत्रावर शिवलेले कृत्रिम धाग्यांचे गणवेश, तंबूत लपविलेले शीतपेयांचे खोके आणि मनगटावरील घड्याळे पाहून अस्वस्थ झालेला एक कट्टर वर्ग वेगळा झाला. टोनी हॉरविट्झ यांच्या 'कॉन्फेडरेट्स इन द ॲटिक' (१९९८) या पुस्तकाने या वर्गाला जगासमोर आणले. गुंड्यांना जुनेपणाची कळा यावी म्हणून त्या मूत्रात भिजविणारे, थंडीत एकमेकांना चिकटून झोपणारे, अर्धपोटी राहून सैनिकासारखे कृश होऊ पाहणारे हे लोक वाचकाला प्रथम विक्षिप्त वाटतात. त्यांच्या विक्षिप्तपणामागील भूक खरी आहे, हे हॉरविट्झ यांनी ओळखले. त्याचबरोबर दक्षिणेच्या ध्वजापायी विसाव्या शतकाच्या अखेरीसही माणसे मारली जात होती, हेही त्यांनी त्याच पुस्तकात नोंदविले. एकाच पुस्तकातील ही दोन प्रकरणे परस्परांना लागून वाचली पाहिजेत.

३. आयोजनाची संहिता

निमग्न उपक्रमाची तयारी अनेक महिने आधी सुरू होते. विशिष्ट लढाई, विशिष्ट पलटण आणि विशिष्ट आठवडा निश्चित केला जातो. त्या पलटणीला त्या महिन्यात कोणत्या प्रतीचे कोट मिळाले होते, पायातले बूट कोणत्या घडणीचे होते, येथपर्यंत कागदपत्रांचा शोध घेतला जातो व त्याआधारे नियमावली तयार होते. जो नियमात बसत नाही त्याला प्रवेश नसतो. मोटारी दूर ठेवून सामान पाठीवर घ्यावे लागते. संघराज्याच्या सैनिकाला मोहिमेत दररोज एक पौंड कडक बिस्किटे व बारा औंस खारवलेले डुकराचे मांस, शिवाय कॉफी व साखर मिळत असे. हाच शिधा तोलून वाटला जातो. हार्डी (१८५५) किंवा केसी (१८६२) यांच्या कवायत-पुस्तकांनुसार आज्ञा दिल्या जातात. दोन माणसांनी आपापले अर्धे कापड जोडून तंबू करायचा असतो, किंवा तोही न करता आकाशाखाली झोपायचे असते.

या दृश्य संहितेच्या आड एक अदृश्य संहिता कार्यरत असते. पिण्याचे पाणी तपासलेले असते. उष्माघाताच्या रुग्णासाठी वाहन जवळच्या रस्त्यावर उभे असते. जमीनमालकाची परवानगी, विमा, दारूगोळ्याविषयीचे नियम यांची पूर्तता झालेली असते. बंदुकीत गोळी नसते, समोर फळी असताना ठासणीचा गज सहसा बाहेर काढला जात नाही आणि नेम माणसाच्या वर धरला जातो. उत्तम आयोजक तो, ज्याची ही दुसरी संहिता सहभागी व्यक्तीला जाणवत नाही. निमग्नतेचा अनुभव अशा प्रकारे एका काळजीपूर्वक लपविलेल्या आधुनिकतेवर उभा असतो. यात दांभिकता नाही, कारण माणसांचे प्राण वाचविणे हे आयोजकाचे पहिले कर्तव्यच होय. मात्र आपण काय लपविले आहे याचे भान सुटले, की भास आणि इतिहास यांतील रेषा पुसट होते.

४. शरीराचे ज्ञान आणि भयाचा अभाव

या उपक्रमांतून ज्ञान मिळतच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. जॉन कीगन यांनी 'द फेस ऑफ बॅटल' (१९७६) मध्ये सेनापतींच्या डावपेचांऐवजी सामान्य सैनिकाला रणांगणावर नेमके काय दिसते, ऐकू येते व सोसावे लागते, असा प्रश्न विचारला. निमग्न पुनरभिनय या प्रश्नाच्या काही भागाला उत्तर देऊ शकतो. कवायत-पुस्तकात बंदूक ठासण्याची क्रिया नऊ अंगांत विभागलेली आहे. मिनिटाला तीन बार काढणे म्हणजे काय, हे ती नऊ अंगे धुरात करून पाहिल्यावर उमगते. कोपराला कोपर लावून चालण्याचा नियम कागदावर निरर्थक भासतो. शेजाऱ्याचा स्पर्श हाच धुरात फळी सांधून ठेवणारा धागा आहे, हे चालणाऱ्याला आपसूक कळते. ओल्या लोकरीचे वजन, नवीन बुटांनी सोललेली टाच, पहाटेच्या पहाऱ्यातील झोप हे सारे दैनंदिन्यांत एका ओळीत येते. ती ओळ वाचण्याची क्षमता पुनरभिनय वाढवितो.

परंतु आर. जी. कॉलिंगवुड यांच्या 'द आयडिया ऑफ हिस्टरी' (१९४६) या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील भूमिका येथे आठवते. इतिहासकार भूतकाळाचे मनात पुनःप्रवर्तन करतो, असे कॉलिंगवुड म्हणतात. ते पुनःप्रवर्तन विचाराचे असते आणि ते चिकित्सक असते. थंडी वाजणे हा विचार नव्हे. थंडी वाजत असूनही एखादा माणूस पळून का गेला नाही, हा विचार आहे. दीड शतकापूर्वीच्या सैनिकाला परतीचा दिवस ठाऊक नव्हता आणि पुनरभिनेत्याला तो अचूक ठाऊक असतो. तीन दिवसांची भूक आणि शेवट माहीत नसलेली भूक यांत प्रमाणाचा नव्हे तर जातीचा फरक आहे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी मराठीत म्हण आहे. भयाच्या बाबतीतही हेच म्हणावे लागेल.

मृत्यूच्या चित्रणात ही मर्यादा उघड होते. दूरवरून खर्च करून आलेला माणूस पहिल्याच फैरीत पडण्यास राजी नसतो. म्हणून कोणी केव्हा पडावे हे काही ठिकाणी चिठ्ठ्यांनी ठरवावे लागते. शिवाय या युद्धातील मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश मृत्यू रोगराईने झाले. परंपरेने ६ लाख २० हजार मानला गेलेला मृतांचा आकडा जे. डेव्हिड हॅकर यांच्या २०११ मधील जनगणनाधारित अभ्यासानुसार साडेसात लाखांच्या घरात जातो. अतिसार, विषमज्वर व गोवर यांनी ओस पाडलेली छावणी कोणताही आयोजक उभी करू शकत नाही आणि करूही नये. याचा अर्थ असा की, त्या युद्धातील मरणाचा जो सर्वांत सामान्य प्रकार, तोच अत्यंत 'प्रमाण' म्हणविणाऱ्या उपक्रमात अनुपस्थित असतो.

भारतीय नाट्यविचाराने या प्रश्नाला फार पूर्वी स्पर्श केला आहे. युद्ध, राज्यभ्रंश, मृत्यू, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकाद्वारे सूचित कराव्यात, असा नाट्यशास्त्राचा संकेत आहे. अमेरिकेच्या उद्यान सेवेचा उपरोक्त नियम कारणाने भिन्न असला तरी परिणामाने या संकेताच्या जवळ जातो. रसविचारानुसार लौकिक भय आणि भयानक रस या वेगळ्या गोष्टी आहेत. रसाचा आस्वाद घेणारा सहृदय प्रेक्षक विशिष्ट अंतरावर असतो आणि त्या अंतरामुळेच साधारणीकरण शक्य होते. निमग्न पुनरभिनयाने प्रेक्षकालाच रजा दिली आहे. त्यामुळे येथे ना खरे भय उरते, ना भयाचा रस. उरतो तो फक्त श्रम आणि त्या श्रमाविषयीचा अभिमान. हा अभिमान गैर नाही, परंतु त्याला इतिहासबोधाचे नाव देता येणार नाही.

५. प्रमाणता कोणासाठी?

प्रमाणतेचा निकष तटस्थ नसतो, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. १९८९ साली अँटिएटम येथील उद्यान सेवेच्या एका उपक्रमातून पुरुष सैनिकाच्या वेषातील एका स्त्रीस, ती स्त्री असल्याचे उघड होताच, वगळण्यात आले. कारण दिले गेले ते प्रमाणतेचे. वास्तविक पुरुषवेषात लढलेल्या शेकडो स्त्रियांचे पुरावे उपलब्ध आहेत व त्यांतील काही अँटिएटमच्या लढाईतही होत्या. हे प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९३ मध्ये निकाल त्या स्त्रीच्या बाजूने लागला. म्हणजे प्रमाणतेच्या नावाने दिलेला निर्णय पुराव्याच्या कसोटीवरही टिकणारा नव्हता.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. १८६३ च्या उन्हाळ्यात जनरल ली यांचे सैन्य पेनसिल्व्हानियात शिरले तेव्हा त्याच्यासोबत हजारो गुलाम होते. स्वयंपाक, धुणे, गाड्या हाकणे, घोड्यांची निगा आणि जखमींची शुश्रूषा ही कामे त्यांच्याकडून करवून घेतली जात. केव्हिन लेविन यांनी 'सर्चिंग फॉर ब्लॅक कॉन्फेडरेट्स' (२०१९) या ग्रंथात या छावणी-गुलामांचे स्थान आणि त्यांना 'सैनिक' ठरविण्याच्या नंतरच्या दंतकथा यांचा परामर्श घेतला आहे. याच मोहिमेत दक्षिणेच्या सैनिकांनी पेनसिल्व्हानियातील मुक्त कृष्णवर्णीयांनाही पकडून दक्षिणेकडे नेले. ही मोहीम 'जशीच्या तशी' उभी करावयाची, तर छावणीतील चूल कोण पेटवीत होते, हा प्रश्न टाळता येत नाही.

दक्षिणेच्या छावणीचा निमग्न पुनरभिनय हा प्रश्न बहुधा टाळतो. तेथे गोरा सैनिक स्वतःचे मांस स्वतः भाजतो, स्वतःचे पाणी स्वतः भरतो आणि म्हणूनच तो कष्टाळू, साधा व सहानुभूतीस पात्र वाटतो. कोटाच्या शिवणीतील टाके मोजणाऱ्या नियमावलीत छावणीतील या माणसांच्या अनुपस्थितीविषयी एकही कलम नसावे, हा योगायोग नव्हे. वस्तूंची प्रमाणता जितकी काटेकोर होत जाते, तितकी मानवी संबंधांची अप्रमाणता झाकली जाते. एक गुंडी चुकीची असेल तर ती चटकन दिसते, परंतु अख्खा समाजच गाळला गेला असेल तर काही गाळले आहे हेच लक्षात येत नाही.

येथे आयोजकाची अडचणही समजून घ्यावयास हवी. गुलामाची भूमिका कोणी करावी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणासाठी? १० ऑक्टोबर १९९४ रोजी कलोनियल विल्यम्सबर्ग येथे गुलामांच्या लिलावाचा पुनरभिनय झाला, तेव्हा नागरी हक्क संघटनांनी तीव्र निषेध केला. वेदनेचा बाजार पुन्हा मांडला जात आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तो कार्यक्रम कृष्णवर्णीय निवेदकांनीच आखला होता आणि दडपलेले सत्य दाखविणे हा त्यांचा हेतू होता. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. म्हणून दाखविणे अनिवार्य आहे, असा सोपा निष्कर्ष काढता येत नाही. जे दाखविता येत नाही ते दाखविलेले नाही, हे सांगणे मात्र अनिवार्य आहे. नाट्यशास्त्रातील प्रवेशकाचे कार्य हेच होते. अंकात न आलेले त्याच्याद्वारे प्रेक्षकापर्यंत पोहोचे. निमग्न पुनरभिनयाला असा प्रवेशक नाही, ही त्याची रचनागत उणीव होय.

या मौनाचे परिणाम छंदापुरते मर्यादित राहिले नाहीत. ऑगस्ट २०१७ मधील शार्लट्सव्हिल येथील हिंसाचारानंतर मनॅसस शहराने आपला यादवी-युद्धविषयक वार्षिक उपक्रम रद्द केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सीडर क्रीक येथील पुनरभिनयाच्या ठिकाणी स्फोटक सापडले. ज्या प्रश्नाला छावणीबाहेर ठेवले होते, तो प्रश्न अशा रीतीने छावणीच्या दारात येऊन उभा राहिला.

६. एक प्रतिउदाहरण

८ व ९ नोव्हेंबर २०१९ रोजी लुइझियाना राज्यात कलावंत ड्रेड स्कॉट यांनी आयोजित केलेला उपक्रम या संदर्भात उद्बोधक आहे. जानेवारी १८११ मध्ये मिसिसिपी नदीकाठच्या मळ्यांवरील गुलामांनी चार्ल्स डेलोंड यांच्या नेतृत्वाखाली उठाव करून न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने कूच केले होते. शेकडो सहभागी व्यक्तींनी दोन दिवस पायी चालून त्या कूचाचा पुनरभिनय केला. ऐतिहासिक उठाव चिरडला गेला होता व मृतांची शिरे नदीकाठी खांबांवर टांगली गेली होती. स्कॉट यांनी मात्र हा शेवट नाकारला आणि मिरवणूक न्यू ऑर्लिन्समधील काँगो चौकात नृत्य-संगीताने समाप्त केली.

वस्तुनिष्ठ प्रमाणतेच्या कसोटीवर हा उपक्रम उणा ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या वेषातील बंडखोर आधुनिक तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारून चालत होते. तो विसंवाद लपविण्याचा कोणताही यत्न नव्हता, उलट तोच अर्थवाही ठरला. त्या मळ्यांच्या जागी आज कारखाने आहेत आणि त्यांच्या धुराचा त्रास बहुतांशी कृष्णवर्णीय वस्त्यांना होतो, हे पाहणाऱ्याला न सांगता कळले. कट्टर पुनरभिनेता वर्तमानातून सुटका शोधतो, तर या उपक्रमाने भूतकाळाला वर्तमानात आणून उभे केले.

तथापि बदललेल्या शेवटाची चिकित्साही झाली पाहिजे. पराभव वगळला की त्या बंडखोरांनी पत्करलेल्या धोक्याचे मोलही काहीसे उणावते. आपण यशस्वी होणार नाही हे संभवनीय असूनही ते निघाले, यातच त्यांच्या कृतीचे थोरपण होते. येथे एक भेद मात्र महत्त्वाचा आहे. स्कॉट यांनी केलेला बदल जाहीर होता आणि म्हणून तो वादविषय होऊ शकला. दक्षिणेच्या छावणीतील वगळणूक अघोषित असते, म्हणून ती प्रमाणतेच्या नावाखाली खपून जाते.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे दरवर्षी जुलैमध्ये निघणाऱ्या पन्हाळगड ते पावनखिंड पदभ्रमंतीचे स्मरण होईल. जुलै १६६० मधील त्या रात्रीच्या वाटेने चालणारे बहुसंख्य लोक आपल्याच कपड्यांत, आजचे नागरिक म्हणून चालतात. आपण बांदल सेनेतील मावळे आहोत असा त्यांचा दावा नसतो. चिखल, पाऊस व चढ यांचा अनुभव त्यांनाही येतो. परंतु 'आपण ते नव्हे' ही जाणीव शाबूत राहते आणि आदराला आवश्यक असलेले अंतर टिकून राहते. सोंग न घेताही भूमीचा अनुभव घेता येतो, हे या साध्या परंपरेवरून दिसते.

७. निष्कर्ष

निमग्न लष्करी पुनरभिनयातून सैनिकी जीवनाचे शारीर, तांत्रिक ज्ञान मिळू शकते व ते इतिहासाच्या अभ्यासाला पूरक ठरते, हे मान्य केले पाहिजे. मात्र भय, रोग आणि अनिश्चितता या युद्धाच्या गाभ्यातील गोष्टी त्याच्या आवाक्याबाहेर आहेत आणि कालावधी वाढविल्याने हे अंतर मिटत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, प्रमाणतेचा निकष वस्तूंपुरता मर्यादित ठेवल्यास तो माणसांना वगळण्याचे साधन बनतो.

या चिकित्सेतून आयोजकांपुढे तीन अपेक्षा ठेवता येतील. नियमावलीत गणवेशाइतकेच स्थान छावणीतील सर्व माणसांच्या नोंदीला असावे. जे दाखविले जाणार नाही त्याची घोषणा उपक्रमाच्या आरंभी व्हावी. उपक्रम संपल्यावर, गणवेश उतरवून, आपण काय अनुभवले व काय अनुभवू शकलो नाही याची खुली चर्चा व्हावी. यांतील शेवटची अपेक्षा सर्वांत महत्त्वाची आहे. कारण कॉलिंगवुड यांच्या अर्थाने इतिहासाला प्रारंभ होतो तो तेथून. शिवणीचे टाके मोजण्याइतकीच चिकाटी गाळलेली माणसे मोजण्यात दाखविली गेली, तरच 'सजीव इतिहास' या शब्दप्रयोगातील दुसरे पद सार्थ ठरेल.